चारसोबीस : कलमातून बोलीत आलेला आकडा

वऱ्हाडात एखाद्या माणसाबद्दल कुणाला सावध करायचे असेल तर लांबण लावावी लागत नाही. "लय चारसोबीस हाये तो, बाप्पा," एवढे म्हटले की पुरते. ऐकणारा पुढचे विचारत नाही. त्या माणसाला उधारीवर माल द्यायचा की नाही, त्याला भिशीत घ्यायचे की नाही, त्याच्या घरी पोरगी द्यायची की नाही, याचा निकाल त्या एका शब्दाने लागलेला असतो. अकोल्याच्या कापूस बाजारात, अमरावतीच्या कचेरीबाहेरच्या चहाच्या टपरीवर, वरूड-मोर्शीच्या संत्र्याच्या बागांत हा शब्द सारखाच चालतो. शाळेची पायरी न चढलेली आजीही तो अचूक वापरते, आणि तो कुठल्या पुस्तकातून आला हे तिला ठाऊक असण्याची गरज नसते.

'चारसोबीस' हे विशेषण आहे आणि नामही आहे. चारसोबीस माणूस, चारसोबीस बाई, एक नंबरचा चारसोबीस. त्यापासून 'चारसोबिशी' हे भाववाचक नाम तयार झाले. पत्त्यांच्या डावात पोराने पान मांडीखाली लपवले तर त्याचा सवंगडी म्हणतो, "माह्यासंग चारसोबिशी नको करू बे." आणि ठेवीदारांचे लाखो रुपये घेऊन पसार झालेल्या संचालकालाही लोक तेच म्हणतात. उच्चार हिंदीचा राहिला. 'चारशे वीस' असे शुद्ध मराठी करून कुणी कुणाला नावे ठेवत नाही. वऱ्हाड हा हिंदीच्या शेजारचा मुलूख. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या कारभारात मराठी आणि हिंदी एकत्र नांदल्या, त्यामुळे हा आकडा इथे परका वाटण्याचे कारण नव्हते.

फसवणुकीसाठी मराठीत शब्दांची कधीच टंचाई नव्हती. टोपी घातली, चुना लावला, गंडा घातला, शेंडी लावली, तोंडाला पाने पुसली, हातावर तुरी दिल्या. पण नीट पाहिले तर हे सगळे वाक्प्रचार फसलेल्याच्या बाजूने बोलतात. टोपी कुणाच्या तरी डोक्यावर येते, चुना कुणाला तरी लागतो. फसवणाऱ्याचा स्वभाव त्यांतून कळत नाही. एखादा सरळ माणूसही एकदा अडचणीत सापडला की कुणाच्या तोंडाला पाने पुसू शकतो, आणि म्हणून लोक त्याला चारसोबीस म्हणत नाहीत. तो शब्द राखून ठेवलेला असतो पहिल्यापासूनच मनात खोट घेऊन येणाऱ्या माणसासाठी. हा फरक लोकांनी कुठल्या वकिलाकडून शिकलेला नाही. तरीही कायद्यातल्या मूळ कलमाचा सगळा जीव याच फरकात आहे.

आकडा आला भारतीय दंड संहितेतून. तिचा पहिला मसुदा मेकॉलेच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने १८३७ मध्ये तयार केला. तो वीस वर्षांहून अधिक काळ पडून राहिला. १८५७ च्या उठावानंतर त्याला पुन्हा गती मिळाली, १८६० साली तो ४५ वा कायदा म्हणून मंजूर झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आला. एकूण कलमे ५११. त्यांतल्या ४१५ व्या कलमात फसवणुकीची व्याख्या होती, ४१७ व्यात साध्या फसवणुकीला एक वर्षापर्यंतची शिक्षा होती. ४२० वे कलम त्याहून गंभीर गुन्ह्याचे : एखाद्याला अप्रामाणिकपणे भुलवून त्याच्याकडून मालमत्ता काढून घेणे, किंवा मौल्यवान दस्तऐवज करवून घेणे वा बदलवून घेणे. शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. फसवणुकीची फिर्याद म्हटली की बहुतेक वेळा हेच कलम लागे. पोलिसांच्या तोंडी, वकिलांच्या तोंडी, वर्तमानपत्राच्या बातमीत तोच आकडा पुन्हा पुन्हा येत गेला आणि कलमाचे नाव गळून नुसता आकडा उरला.

कायद्याचे इतर आकडेही असेच बोलीत आले. "तीनशे दोन होईन एखांद्या दिवशी" म्हणजे खून होईल. 'तीनशे सात' म्हणजे खुनाचा प्रयत्न, 'एकशे चव्वेचाळीस' म्हणजे जमावबंदी. पण हे आकडे घटनेचे नाव झाले. माणसाचे विशेषण झाला तो एकटा चारसोबीस.

दंड संहिता लागू झाली तेव्हा वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हता. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी निजामाने १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती दिला होता. मालकी निजामाची आणि कारभार इंग्रजांचा, असा हा मुलूख सरकारी कागदांत 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' म्हणून ओळखला जाई. पुढे १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांच्या बोलीवर तो इंग्रजांना कायमचा पट्ट्याने मिळाला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. त्यामुळे मुंबई-कलकत्त्याचे कायदे इथे आपोआप येत नसत. गव्हर्नर जनरलच्या वेगळ्या हुकमाने ते लागू करावे लागत. दंड संहिताही इथे त्याच वाटेने आली.

ती आली त्याच सुमाराला वऱ्हाडात पैसाही आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला. अमरावतीचा कापूस आधीही दूर जात होता. १८४२ मध्ये एकाच व्यापाऱ्याने अमरावतीहून एक लाख बैलांच्या पाठीवर लादून मिर्झापूरमार्गे कलकत्त्याला कापूस पाठवल्याची नोंद गॅझेटियरमध्ये आहे. पण आता रेल्वे अकोला, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली, जिनिंग-प्रेसिंग उभे राहिले, आणि ज्या गावात व्यवहार धान्यात आणि ओळखीवर चालत होते तिथे अनोळखी माणसाशी रोकडीचा सौदा होऊ लागला. अनोळखी माणूस आणि रोकड एकत्र आली की फसवणुकीला जागा मिळते. मला वाटते, चारसोबीस या शब्दाची खरी जमीन ही आहे. ओळखीच्या गावात माणसाचा स्वभाव पिढीजात ठाऊक असतो. तिथे अशा शब्दाची फार गरज पडत नाही.

जुन्या कापूस बाजारात कास्तकाराला लुटण्याच्या रीती ठरलेल्या होत्या. त्यांतली एक म्हणजे हत्ता. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून भाव ठरवत. ज्याचा माल, तो गाडीपाशी उभा, पण त्याला भाव दिसतही नसे आणि ऐकूही येत नसे. पुढे वजन. काटा व्यापाऱ्याचा, मापे व्यापाऱ्याची, मापाडीही त्याचाच. त्यानंतर कडता, म्हणजे माल ओला आहे, कचरा आहे, असे सांगून वजनातून कापलेला भाग. हमाली, तोलाई, अडत आणि धर्मादाय वेगळे. खोट्या मापांसाठी दंड संहितेत २६४ ते २६७ अशी चार स्वतंत्र कलमे होती. पण माप खोटे होते हे सिद्ध करायला कास्तकाराने गाडी आणि बैल सोडून कोर्टात कधी जायचे?

शिक्षेच्या कलमाने हा प्रश्न सुटत नाही हे वऱ्हाडात लवकर लक्षात आले, आणि या प्रांताच्या इतिहासातली ही गोष्ट अभिमानाने सांगावी अशी आहे. आजच्या वाशिम जिल्ह्यातल्या कारंजाला १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. १८९७ मध्ये 'बेरार कॉटन अँड ग्रेन मार्केट्स लॉ' आला. बाजारावर समिती नेमायची, दलाल आणि मापाडी यांना परवाने द्यायचे, कोणते खर्च किती कापायचे ते ठरवून द्यायचे, असा तो कायदा. शेतीविषयक रॉयल कमिशनने १९२८ च्या आपल्या अहवालात नियंत्रित बाजारांची शिफारस केली तेव्हा त्यांच्यासमोर वऱ्हाडचा नमुना होता. आज महाराष्ट्रभर ज्या कृषी उत्पन्न बाजार समित्या आहेत त्यांचे मूळ या मातीत आहे. चारसोबिशी झाल्यावर शिक्षा करण्यापेक्षा तिला जागाच उरू नये म्हणून सौदा उघड्यावर आणायचा, हा विचार वऱ्हाडने सव्वाशे वर्षांपूर्वी केला.

पण शब्दाकडे परत येऊ, कारण त्याचा सगळ्यात महत्त्वाचा भाग अजून सांगायचा आहे.

मेकॉलेच्या मंडळींनी कायदा लिहिताना एक चांगली पद्धत ठेवली. कलमाखाली छोटी छोटी उदाहरणे दिली. फसवणुकीच्या ४१५ व्या कलमाखाली अशी उदाहरणे आहेत आणि ती आज वाचली तरी ओळखीची वाटतात. एकात कुणी सरकारी अधिकारी असल्याचे भासवून उधारीवर माल उचलतो. आज व्हिडिओ कॉलवर पोलिसाचा गणवेश घालून निवृत्त शिक्षकाला 'डिजिटल अरेस्ट' करणारा टोळीवाला दुसरे काय करतो? एकात प्रसिद्ध कारखान्याची खोटी खूण वस्तूवर मारून ती विकली जाते. नामांकित कंपनीचे पाकीट छापून त्यात भलतेच बियाणे भरून विकणारा तोच. एकात खोटा नमुना दाखवून माल गळ्यात मारला जातो. आणि एकात आधीच विकलेली जमीन, ती विकल्याचे न सांगता, दुसऱ्याला पुन्हा विकली किंवा गहाण दिली जाते. शहराबाहेरच्या लेआउटमधला एकच प्लॉट दोघा-तिघांना लिहून दिल्याच्या बातम्या अमरावती-अकोल्याच्या वाचकाला नव्या नाहीत.

पण माझ्या मते या सगळ्यांत मोलाचे उदाहरण निळीचे आहे. त्याचा आशय असा. एक माणूस दुसऱ्याला निळीची अमुक इतकी रोपे देण्याचे सांगून आगाऊ पैसे घेतो. देण्याचे त्याच्या मनातच नव्हते, तर ती फसवणूक. पण पैसे घेताना देण्याचे त्याच्या मनात होते आणि नंतर त्याने करार मोडला, रोपे दिली नाहीत, तर ती फसवणूक नव्हे. त्यासाठी दिवाणी दावा आहे.

पैसे बुडाले ते दोन्हीकडे सारखेच. फरक एवढाच की खोट मनात कधी आली, पैसे घेण्याच्या आधी की नंतर.

आता हे उदाहरण वरूडच्या बागेत नेऊन पाहा. व्यापारी येतो, आंबिया बहाराची बाग उक्ती घेतो, इसार देतो. फळ तोडून गाड्या भरतो आणि बाकीची रक्कम माल विकला की देतो म्हणतो. महिना जातो, दोन महिने जातात, फोन लागत नाही. कास्तकार पोलिस ठाण्यात जातो आणि म्हणतो, "साहेब, त्यानं चारसोबिशी केली." ठाण्यात त्याला उत्तर मिळते, "हे दिवाणी प्रकरण आहे, वकील पाहा." कास्तकाराला वाटते, पोलिस व्यापाऱ्याला मिळाले. कधी तसे असेलही. पण पुष्कळदा अडचण वेगळी असते. 'माझे पैसे दिले नाहीत' एवढेच तक्रारीत लिहिलेले असते, आणि पैसे न देणे हा आपल्या कायद्यात गुन्हा नाही. भाव कोसळला, दिल्लीच्या मंडीत माल सडला, त्याचेही पैसे कुणी बुडवले, म्हणून व्यापारी देऊ शकला नाही, असे असेल तर तो देणेकरी आहे, गुन्हेगार नाही. सर्वोच्च न्यायालयाने हृदय रंजन प्रसाद वर्मा विरुद्ध बिहार राज्य या २००० सालच्या निकालात हेच स्पष्ट केले : फसवण्याचा हेतू सुरुवातीपासून होता हे दिसले पाहिजे. पुढे वचन पाळले नाही एवढ्यावरून तो हेतू गृहीत धरता येत नाही.

मनातले कोर्टाला कसे दिसावे? ते कृतीवरून ओळखतात. व्यापाऱ्याने सांगितलेले नाव आणि पत्ता खोटा होता का? त्याने दाखवलेला परवाना दुसऱ्याच्या नावाचा होता का? दिलेला धनादेश आधीच बंद केलेल्या खात्याचा होता का? त्याच हंगामात त्याने शेजारच्या पाच गावांत हेच सांगून माल उचलला का? घेतलेला माल त्याने दुसऱ्याच दिवशी खरेदीपेक्षाही कमी भावात फुंकून टाकला का? यांतले एकही 'होय' असेल तर तक्रारीचे वजन बदलते. सोयाबीन, तूर, हरभरा यांच्या व्यवहारातही तेच. बाजार समितीच्या आवारात माल विकला तर काट्याची पावती मिळते, नियमाप्रमाणे चोवीस तासांत चुकारा मिळायला हवा, आणि व्यापाऱ्याचा परवाना समितीकडे असतो. गावात येऊन चार पैसे जास्त देतो म्हणणाऱ्याला खळ्यावरच माल दिला तर यांतले काहीच हातात राहत नाही. जास्तीचे चार पैसे कागदावर नसतात.

'चोर बीटी' हा असाच एक दुखरा व्यवहार. तणनाशक सहन करणाऱ्या, पण सरकारची मान्यता नसलेल्या कापूस बियाण्याला वऱ्हाडात हे नाव पडले आहे. निंदणीची मजुरी वाचते म्हणून कास्तकार ते घेतो, त्याचे कारण खरे आहे. पण पाकीट बिलाशिवाय मिळते. उगवले नाही, भेसळ निघाली, तर कुणी विकले हे सांगायला पुरावा नाही आणि तक्रार करायला तोंड नाही. फसवणाऱ्याला याहून सोयीचा गिऱ्हाईक कोणता?

कायद्याचा निळीचा दाखला जिथे अपुरा पडतो ती जागाही वऱ्हाडचीच आहे : सावकाराचे खरेदीखत. गरज कर्जाची असते, पण सावकार गहाणखत करत नाही. तो शेताचे थेट खरेदीखत लिहून घेतो आणि तोंडी सांगतो की पैसे फेडले की शेत परत लावून देईन. कागद खरा, सही खरी, साक्षीदार खरे. खोटे असते ते फक्त तोंडी वचन, आणि त्याचा पुरावा नसतो. गाडगेबाबांच्या आयुष्याची दिशा अशाच एका प्रसंगाने घडली असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात जन्मलेले डेबूजी (हे गाडगेबाबांचे मूळ नाव) वडील गेल्यावर आईबरोबर आजोळी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आले. मामांची शेती त्यांनी घाम गाळून पिकवली. ती सावकाराच्या कर्जात अडकली आणि कागदाच्या जोरावर सावकार ताबा घ्यायला आला, तेव्हा हा तरुण शेतात पाय रोवून उभा राहिला. पुढे आयुष्यभर कीर्तनातून ते दोन गोष्टी सांगत राहिले : कर्ज काढू नका आणि पोरांना शिकवा. निरक्षर माणसाचा अंगठा कोणत्या कागदावर उमटतो हे त्यांनी घरात पाहिले होते. अशा खरेदीखतांसाठी शेवटी वेगळा कायदा करावा लागला. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कलम १८ नुसार सावकारी व्यवहारातून लाटलेली जमीन परत करण्याचा आदेश जिल्हा उपनिबंधक देऊ शकतो. पुरावे तपासून, खरेदीखताच्या आडचे कर्ज ओळखून.

आता या शब्दाच्या आधी मराठीत काय होते ते पाहू. 'ठक' आणि 'ठग' हे जुने. 'ठकास महाठक' ही म्हण आजही जिवंत आहे. संस्कृतातल्या झाकणे, लपवणे या अर्थाच्या धातूकडे या शब्दाचे मूळ नेले जाते. एकोणिसाव्या शतकात विल्यम स्लीमनने मध्य हिंदुस्थानात ठगांविरुद्ध मोहीम काढली, तेव्हापासून इंग्रजीत 'ठग' हा गळा आवळणाऱ्या वाटमाऱ्याचा शब्द झाला. मराठीत मात्र तो मुख्यतः फसवणाऱ्याचाच राहिला. वर्तमानपत्रांनी त्यातून 'ठकसेन' काढला.

मला बोचतात ते दुसरे दोन शब्द, 'भामटा' आणि 'उचल्या'. "भामट्याने महिलेला गंडविले" असा मथळा अजूनही सहज छापला जातो. पण भामटा हे एका समाजाचे नाव आहे. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत भामटा आहे, राजपूत भामटाही आहे. इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले, आणि तो डाग कायद्याने पुसला गेला तो ३१ ऑगस्ट १९५२ ला. 'उचल्या' या शब्दाने काय सोसावे लागते हे लक्ष्मण गायकवाडांनी त्याच नावाच्या आत्मकथनात लिहिले, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तरी मथळे लिहिणाऱ्यांची सवय सुटली नाही. ज्या पोराने कुणाचे काही घेतलेले नाही त्याने शाळेच्या दाखल्यावर आपल्या जातीचे नाव वाचायचे आणि संध्याकाळी पेपरात तेच नाव चोरासाठी वाचायचे, हे आपण थांबवू शकतो. चारसोबीस या शब्दाची मला वाटणारी मोठी योग्यता ही आहे. तो कुणाच्या जातीतून आला नाही, गावातून आला नाही, कुणाच्या व्यवसायातून आला नाही. तो माणसाने केलेल्या कृत्यातून आला. शेठही चारसोबीस असू शकतो, पुढारीही आणि शेजारीही.

हा शब्द देशभर किती खोल गेला होता हे १९५५ साली दिसले. राज कपूरने आपल्या चित्रपटाचे नाव 'श्री ४२०' ठेवले आणि नाव समजावून सांगण्याची गरज पडली नाही. त्यातला ठग शंभर रुपयांत गरिबांना घर देण्याची योजना काढतो. आपल्याकडच्या दामदुपटीच्या ठेवी त्याच वाटेने गेल्या, आणि ठेवीदारांच्या हितरक्षणासाठी १९९९ चा स्वतंत्र महाराष्ट्र कायदा करावा लागला. लोकसभेत तर ४२० क्रमांकाचे आसन नको म्हणून त्याला '४१९-अ' केल्याच्या बातम्या छापून आल्या आहेत. इंग्रजांनी ही संहिता जिथे जिथे नेली तिथे हा आकडाही गेला. पाकिस्तान, बांगलादेश, म्यानमार, मलेशिया, सिंगापूर इथल्या दंड संहितांत फसवणुकीचे कलम ४२० च आहे. नायजेरियाचा कायदा वेगळ्या मसुद्यावरून आला, तिथे फसवणुकीचे कलम ४१९, आणि तिथले लोक ठगाच्या धंद्याला 'फोर-वन-नाइन' म्हणतात. लोकांनी कलमाच्या आकड्यालाच शिवी बनवावी हे दोन दूरच्या देशांत वेगवेगळे घडले.

भारतात मात्र तो आकडा आता कायद्यात नाही. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तीही योगायोगाने २०२३ चा ४५ वा कायदा आहे. नव्या संहितेत एकूण कलमेच ३५८ आहेत, त्यामुळे ४२० वे कलम असण्याचा प्रश्नच उरला नाही. फसवणूक आता कलम ३१८ मध्ये आहे. साध्या फसवणुकीची शिक्षा एका वर्षावरून तीन वर्षांपर्यंत वाढली. जुन्या ४२० ची जागा ३१८ च्या चौथ्या पोटकलमाने घेतली, शिक्षा तीच, सात वर्षांपर्यंत. तोतयेगिरीने केलेली फसवणूक ३१९ मध्ये गेली. निळीचे उदाहरण मात्र नव्या संहितेतही कायम आहे.

लोक 'तीनशे अठरा माणूस' म्हणू लागतील असे मला वाटत नाही. शब्द एकदा घरात रुजला की त्याला मूळ कलमाचा आधार लागत नाही. 'छटाक' हे माप व्यवहारातून जाऊन साठ वर्षे झाली, तरी छटाकभर पोरगा आपल्याकडे आहेच. वऱ्हाडातली पुढची पिढी चारसोबीस म्हणत राहील आणि हा आकडा कुठला हे तिला पुस्तकात शोधावे लागेल.

ज्यांच्यावर आजच हा प्रसंग आला आहे त्यांच्यासाठी थोडे. व्यवहार १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर गुन्हा जुन्या ४२० खालीच नोंदला जातो, त्यानंतरचा असेल तर ३१८ (४) खाली, म्हणून तक्रारीत तारीख आधी लिहा. पैसे किती बुडाले हे लिहाच, पण त्याआधी सौदा झाला त्या दिवशी समोरच्याने काय सांगितले, काय दाखवले आणि त्यातले काय खोटे निघाले ते लिहा. धनादेश परत आला असेल तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस पाठवा. नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत त्याने पैसे दिले नाहीत, तर पुढच्या महिन्याभरात धनादेशाच्या कायद्यातल्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट) कलम १३८ खाली न्यायालयात तक्रार करता येते. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. रक्कम पुढे सरकण्याआधी थांबवता आली तरच परत मिळण्याची आशा असते.